ओब्रादच्या गाडीची चौथी पट्टी

स्त्राहिन्याला सासऱ्याच्या घराचा वरचा मजला मिळाला. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण त्या रविवारी सकाळी तो अंगणात उकिडवा बसून नखांनी गोंद खरवडत होता आणि मजला मिळायची काही चिन्हं नव्हती.

गाडी सासऱ्याची, ओब्रादची. चारही दारांवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, ज्या ओब्राद स्वतःच्या चष्म्यापेक्षा जास्त वेळा पुसायचा. गेल्या आठवड्यात याच गाडीतून वरात निघाली होती. कूम राडिशाने, म्हणजे लग्नातल्या मानाच्या साक्षीदाराने, पट्ट्यांवर कागदी गुलाब दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने डकवले होते. उन्हात गुलाब गळाले. गोंदाने मात्र तिथे संसार थाटला. ओब्रादने स्वच्छ सांगितलं होतं: गाडी दिली तशी दुपारपर्यंत परत, नाहीतर वरच्या मजल्यावर तो कबुतरं पाळेल.

राडिशाने उपाय सुचवला: राकिया. त्यांच्या चाचक शहराच्या आसपास या आलुबुखाराच्या घरगुती दारूने सर्दी, गुडघा, घाबरटपणा, सगळं जातं. गोंदाची काय कथा. फडकं भिजवायचं, पट्टीवर दाबून ठेवायचं, मग घासायचं. त्याच्या राकियाने पहिली पट्टी लख्ख झाली. ते पाहून शेजारचा मिलोये आपली बाटली घेऊन आला, कारण दुसऱ्याच्या राकियाने गोंद निघतोय आणि आपण गप्प बसायचं, हे त्या गावात अजून कोणाला जमलेलं नाही. अर्थात आधी प्रत्येक बाटली चाखणं आलंच, नाहीतर पट्टीला कोणी काहीही पाजेल. दुसरी आणि तिसरी पट्टी मिलोयेने आरशासारखी केली.

चौथ्या पट्टीपर्यंत दोन्ही बाटल्या चाखून संपल्या. मग लग्नात उरलेली ओब्रादची राकिया काढली. हिच्यावर ट्रॅक्टर चालतो, असं तो लग्नभर सांगत फिरला होता. फडकं ठेवलं, घासलं. गोंद जागचा हलला नाही, उलट जास्तच चिकट झाला. मिलोयेने बोट चाटलं आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात तसा म्हणाला, "पाणी. आणि साखर."

तेवढ्यात गांधीलमाश्या आल्या. तीन पट्ट्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

त्यांच्या मागोमाग इस्त्रीच्या शर्टात ओब्राद आला. तीन दारांपाशी त्याने मान डोलावली. मागच्या डाव्या दारापाशी थांबला.

"हिला काय झालं?"

राडिशाच्या पोटात इतकी राकिया होती, की खोटं बोलायला जागाच नव्हती. "ओब्राद, ही तुझ्या..."

"मी पाण्याने पुसली, बाबा," स्त्राहिन्या मध्येच म्हणाला. "बाटल्या संपल्या, म्हणून नळाचं पाणी लावलं. चुकलंच माझं."

ओब्रादने टपावरच्या आपल्या बाटलीकडे पाहिलं, मग माश्यांकडे, मग जावयाकडे.

"नळाचं?"

"नळाचंच."

"पाण्याने कधी गोंद निघतो का रे, गाढवा," ओब्राद मोठ्या समाधानाने म्हणाला आणि त्याने खिशातून वरच्या मजल्याची किल्ली काढली.

माश्या मात्र हलल्या नाहीत. म्हणून संध्याकाळी फाटकावर पाटी लागली: ग्रामहद्दीतील समस्त गांधीलमाश्यांस याद्वारे विनंती करण्यात येते की, त्यांनी सदर वाहनाच्या मागील डाव्या दाराजवळ जमाव करू नये, तसेच मालकाच्या राकियाविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये.