नाडी अठ्ठ्याहत्तर, श्वास वीस

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी आरोहीने चौदा नंबरच्या खाटेला अडकवलेला चार्ट काढला, डाव्या हातावर टेकवला आणि उभ्या उभ्या लिहून टाकलं : ताप नाही, नाडी अठ्ठ्याहत्तर, श्वास वीस. शेजारी सही केली. खाटेवरचे पुंजाबाबा भिंतीकडे तोंड करून, गळ्यापर्यंत चादर ओढून झोपले होते. झोपलेल्या माणसाला कशाला उठवायचं? एवढी दया तिच्या अंगात होती, आणि पुढे अजून सोळा खाटा होत्या.

आता कुणी विचारेल, मनगटाला हात न लावता अठ्ठ्याहत्तर आले कुठून? तर ते आले वरच्या रकान्यातून. आठ वाजता अठ्ठ्याहत्तर, काल रात्री ऐंशी, म्हणजे आता अठ्ठ्याहत्तर म्हटलं तर कुणाचं काय बिघडतंय! श्वासाचं तर त्याहून सोपं. कॉलेजात शिकवलं होतं की नाडी धरल्यासारखं करायचं, पेशंटला कळू न देता छातीकडे पाहायचं आणि पुरतं मिनिटभर श्वास मोजायचा. पहिला महिना आरोहीने अगदी तसंच केलं. तीसच्या तीस खाटांपाशी ती घड्याळ धरून उभी राहायची आणि तिचं जेवण रोज चुकायचं. मग बरोबरची शुभांगी एकदा हसून म्हणाली, "अगं बाई, श्वास वीस लिही सगळ्यांना. सगळे तेच लिहितात." आरोहीने एकदा लिहिलं. कुणी काही बोललं नाही. मग तिने रोजच लिहिलं.

खरं तर तिने कानाला खडा लावला होता. साडेतीन वर्षांपूर्वी नाशिक रोडच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेली तेव्हा तिने असेच दिवे लावले होते. हजेरी मैत्रिणी लावायच्या, प्रॅक्टिकलची वही कुणाची तरी उतरवलेली, प्रयोगाची उत्तरं आधी आणि प्रयोग नंतर. वर्षाच्या शेवटी आठपैकी सात विषय गेले. मखमलाबादला शेवंती-झेंडूची शेती करणाऱ्या चिमाजीने, तिच्या बापाने, मार्कशीट उलटी-सुलटी करून पाहिली. तो ओरडेल म्हणून ती दाराला धरून उभी होती. तो एवढंच म्हणाला, "नासलेली फुलं टाकून देता येतात. पोरगी कुठं टाकू?"

त्या वाक्याने ती जी रडली, ती दोन दिवस रडत होती. मग दोन वर्षं तिने पहाटे फुलं तोडली, दुपारी अभ्यास केला, प्रवेश परीक्षा दिली, आणि बाविसाव्या वर्षी बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला, आपल्याहून चार वर्षांनी लहान पोरींच्या शेजारी जाऊन बसली. गणवेश घातला त्या दिवशी चिमाजीने शेवंतीची वेणी आणली होती. ड्युटीवर फुलं माळता येत नाहीत म्हटल्यावर त्याने ती तिच्या दुचाकीच्या हँडलला बांधली. आता ह्या पोरीकडे पाहून कुणाला वाटलं असतं की ती परत उतरवायला लागली आहे?

ती एकोणीस नंबरला पोचली तेव्हा मागे स्टीलचा पेला पडल्याचा आवाज आला.

पुंजाबाबांची बायको बायडाबाई खालून चहा घेऊन आली होती. चहा फरशीवर पसरला होता आणि ती नवऱ्याचा खांदा हलवत होती.

"अवो. अवो, उठा ना. च्या आणलाय."

आरोही पळत गेली. तिने आपणहून पहिल्यांदा त्यांच्या कपाळाला हात लावला, आणि हात तसाच मागे घेतला. कपाळ थंडगार होतं.

पुढची दहा मिनिटं वॉर्डात नुसती धावपळ होती. डॉक्टर शेखर आले, त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, छाती दाबून पाहिली, ईसीजी काढला. कागदाच्या पट्टीवर सरळ रेघ येत राहिली. शेवटी त्यांनी कानातून स्टेथोस्कोप काढला आणि वॉर्डाच्या मुख्य मनीषा सिस्टरांना हळू आवाजात म्हणाले, "पाऊण तास तरी होऊन गेलाय. सव्वानऊ-साडेनऊला गेले असतील. झोपेतच."

आरोहीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून वीस मिनिटं. तिच्या डोक्यात एवढं साधं गणित बसायला चांगला वेळ लागला. दहा वाजून पाच मिनिटांनी तिने ज्याची नाडी अठ्ठ्याहत्तर लिहिली, तो माणूस तेव्हा जगात नव्हता. मेलेल्या माणसाचा श्वास तिने वीस लिहिला होता आणि शेजारी सही केली होती.

मनीषा सिस्टरांनी चार्ट उचलला. वाचला. मग मान वर करून आरोहीकडे पाहिलं. शुभांगी औषधांच्या ट्रॉलीत काहीतरी शोधायला लागली.

बायडाबाई अजून रडत नव्हती. ती भांबावलेल्या नजरेने एकेकाकडे पाहत होती, जणू कुणीतरी आत्ता म्हणेल की चूक झाली, दुसराच कुणी होता. शेजारच्या खाटेवरच्या बाईने तिला जवळ घेतलं तेव्हा ती बोलायला लागली.

"सकाळधरनं धाप लागल्यावानी करत व्हते. लय येळ. मी म्हनलं, शिस्टरला बोलवू का? तर मलाच दटावलं. म्हनले, आत्ता तर ताईनं लिवलं समदं, काय असतं तर ताई बोलली नसती का? उगं पोरीला तरास नको देऊ. म्हनून मी गेले खाली, औषदाच्या रांगेत तासभर मोडला. मला काय ठाव!"

आरोहीला आठचं आठवलं. नको असताना आठवलं. पुंजाबाबा घोटीच्या भाताच्या गिरणीत हमाल होते, फुप्फुसात पाणी झालं म्हणून आठवड्याभरापूर्वी आले होते आणि सोमवारी घरी जाणार होते. रोज सकाळी ती दिसली की ते स्वतःच मनगट पुढे करायचे आणि म्हणायचे, "बघा ताई, गाडी चालू हाय का." आज आठ वाजताही त्यांनी मनगट पुढे केलं होतं. बोलले मात्र काही नव्हते. ती घाईत होती. "राहू द्या बाबा, झालं," असं म्हणून तिने लिहिलं आणि ती पुढे गेली. ते आज का बोलले नाहीत, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. बोलायला त्यांच्याकडे दमच नसेल.

तेव्हा श्वास किती होता? तीस? चाळीस? आता ते कुणालाच कळणार नव्हतं. ते सांगणारं माणूस वॉर्डात एकच होतं, ती स्वतः, आणि तिने पाहिलंच नव्हतं.

"इकडे ये," मनीषा सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी तिला कोपऱ्यातल्या टेबलापाशी नेलं, पडदा ओढला. चार्ट टेबलावर ठेवला.

"दहाची नाडी पाहिली होतीस?"

"नाही."

"आठची?"

आरोहीने नकारार्थी मान हलवली.

सिस्टर खुर्चीत बसल्या. त्या रागावतील, हात उगारतील, काहीतरी करतील असं तिला वाटत होतं. त्या नुसत्या थकल्यासारख्या दिसत होत्या.

"तेवीस वर्षं झाली मला," त्या म्हणाल्या. "रांगेने वीस-वीस लिहिलेले चार्ट मला दिसत नव्हते असं समजू नकोस. दिसत होते. मीही सह्या केल्या त्यांच्यावर." त्यांनी ड्रॉवरमधून कोरा चार्ट काढला आणि पुढे सरकवला. "हा नव्याने उतरव. आठपर्यंतचं जसंच्या तसं. दहाचं लिहूच नको. तू तिथवर पोचलीच नव्हतीस. आठला ठीक होते, मधे गेले. असं होतं, आरोही. डॉक्टरही तेच म्हणतील."

"आणि ती धाप, सिस्टर?"

"घरची माणसं मागाहून खूप काही सांगतात."

आरोहीने पेन उचललं. कोरा कागद समोर होता. तिने वरच्या रकान्यात नावही लिहिलं : पुंजा. उतरवणं तिला नवीन नव्हतं. तेवढ्या एका कामात तिचा हात सराईत होता, आणि त्या क्षणी स्वतःच्या त्या हाताची तिला किळस आली. हे वर्ष गेलं तर बापाला काय सांगायचं? आणि हे वर्ष वाचलं तर काय सांगायचं?

तिने कोरा कागद बाजूला सारला आणि जुना चार्ट ओढला. चूक खोडायची नसते, तिच्यावर एकच रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता येतं, असं पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. तिने दहाच्या ओळीवर एक रेघ मारली. आठच्या ओळीवर दुसरी. दोन्हींपुढे लिहिलं : मोजली नाही. आणि आपलं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

सिस्टरांनी ते वाचलं.

"चौकशी होईल. तुझी होईल, माझी होईल. कॉलेज तुला ठेवेल की नाही, मला सांगता येणार नाही."

"हो."

"पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला वय राहिलंय का तुझं?"

आरोहीला खूप भीती वाटत होती, आणि ती भीती चेहऱ्यावर दिसत असणार, कारण सिस्टरांनी नजर दुसरीकडे वळवली. मग त्या उठल्या, त्यांनी हातमोज्यांचा डबा घेतला.

"चौदा नंबरचं आवरायचंय. सलाईन काढायचं, अंग पुसायचं. येणार आहेस का?"

खाटेभोवती पडदे लावले होते. बायडाबाई आत बसली होती. ती रडून घेऊन आता शांत झाली होती आणि बोटांनी नवऱ्याचे केस विंचरत होती. तेल नसल्यामुळे केस पुन्हा पुन्हा उभे राहत होते. सिस्टरांनी सलाईनची सुई काढली, कापूस लावला. आरोहीने ओल्या कापडाने छाती पुसली, हात पुसले. गोणी उचलून उचलून खांद्याशी घट्टा पडला होता, तोही पुसला. मग मनगटाला नावाची पट्टी बांधायची म्हणून तिने त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला.

तिची तीन बोटं आपोआप अंगठ्याच्या मुळाशी गेली. तिने दुसरा हात वळवून घड्याळ पाहिलं. सेकंदाचा काटा बारावर होता. ती हलली नाही. काटा तीनवर आला, सहावर आला. बोटांखाली काहीच नव्हतं, तरी तिने दाब कमी केला नाही. मनीषा सिस्टर कापूस हातात धरून तिच्याकडे पाहत राहिल्या. त्यांनी तिला थांबवलं नाही. काटा नऊवरून वर चढला आणि पुन्हा बारावर आला.

"आता काय मोजता, ताई?" बायडाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, उलट पोरीची समजूत घातल्यासारखी ती बोलत होती. "सकाळी मोजलं व्हतं ना तुमी. बरं व्हतं ना तवा?"

आरोहीने मनगट सोडलं नाही.

"नाही, मावशी," ती म्हणाली. "सकाळी मी मोजलंच नव्हतं."

बायडाबाईची बोटं नवऱ्याच्या केसांत होती तिथेच थांबली.