बॉनेटवरचा हात

धाकट्याने शटर वर केलं, आत पाऊल टाकलं आणि जागीच थांबला. गाडीच्या बॉनेटवर हात होता.

हाताचा मालक नव्हता, नुसता हात. पाच बोटं, रुंद तळवा, फटकून राहिलेला अंगठा. रंग तांबूस. कालपर्यंत चांदीसारखा लखलखणारा पत्रा, आणि त्यावर रातोरात उगवलेला हा ताजा गंज.

पत्रा त्यानेच उघडा केला होता. बॉनेटचा आणि चारही दारांचा जुना रंग खरवडायला त्याला पाच दिवस लागले होते. उघडा पत्रा आणि तान्हं बाळ यांना कुणी येता-जाता हात लावायचा नसतो. धाकटा स्वतः हातमोजे घातल्याशिवाय जवळ जात नसे. आणि गॅरेजमध्ये त्याच्याशिवाय कुणी नव्हतंच. तीन वर्षं तो तिथे एकटा होता. लोक मात्र त्याला अजून धाकटाच म्हणत. कुणापेक्षा धाकटा, हे कुणी विचारत नसे.

एकटेपणाचा त्याने बंदोबस्त केला होता. तो काँप्रेसरशी बोलायचा. काँप्रेसर हवा भरून झाली की आपणहून बंद पडायचा, ते धाकटा होकार म्हणून धरायचा. रेडिओही होता, पण त्यातला निवेदक दर दहा मिनिटांनी ‘मंडळी’ म्हणायचा. ते अंगावर यायला लागलं तेव्हा त्याने रेडिओ फळीवर उलटा ठेवून दिला.

साध्या माणसाचा हात पत्र्यावर उमटायला दोन-तीन दिवस जातात. एका रात्रीत उमटणारा हात धाकट्याच्या माहितीत एकच होता.

दादाच्या तळहातांना लहानपणापासून जगावेगळा घाम. दुपारी त्याने धरलेला पाना सकाळी लाल. वडिलांनी त्याला डॉक्टरकडे नेलं. मीठ कमी करा, डॉक्टर म्हणाले. मग वर्षभर अख्खं घर अळणी जेवलं आणि पाने गंजायचे ते गंजतच राहिले. शेवटी वडिलांनी कामंच वाटून टाकली. दादाने ठोकून पोचे काढायचे, धाकट्याने घासून रंग द्यायचा, आणि घासून झालेल्या पत्र्यापाशी दादाने यायचं ते हात खिशात घालून. दोन्ही.

हे वीस वर्षं चाललं. मग एकदा एका क्लासवाल्या मास्तरांच्या गाडीचं छप्पर घासून तयार होतं, आणि दादा भान विसरला. ‘काय सरळ आलंय बघ,’ म्हणत त्याने तळवा टेकवला. आठ महिन्यांनी मास्तर गाडी घेऊन परत आले. नव्या रंगाखालून छपरावर फोड आले होते. पाच बोटं, एक तळवा. गाडीला कुणी आशीर्वाद दिल्यासारखे.

“हे काय?” मास्तरांनी विचारलं.

“हा आमच्या दादाचा हात,” धाकटा म्हणाला. “सांगून सांगून थकलो मी.”

दादाने आपल्या हाताकडे बघितलं, तो खिशात घातला. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या अकरा हातोड्या गोणीत भरल्या आणि गेला. पुढे कधी फोन नाही की काही नाही.

एक गोष्ट धाकट्याने कुणालाच सांगितली नव्हती. काँप्रेसरलासुद्धा नाही. प्रायमर मारायच्या दिवशी सकाळी छपरावरचा डाग त्याने पाहिला होता. घासायला दहा मिनिटं लागली असती. पण प्रायमर कालवून झाला होता, जेवायची वेळ झाली होती, आणि रंगाखाली काय दिसतंय, असं म्हणून त्याने त्यावरच फवारा मारला होता.

फोन वाजला. गाडीचे मालक. दातांचे डॉक्टर.

“काय, कुठवर आलं?”

“आज बॉनेटला प्रायमर मारतो. थोडा गंज दिसतोय, वरवरचा.”

“वरवरचा काही नसतो हो. मुळापासून काढा. मी लोकांना रोज हेच सांगतो.”

धाकट्याने पॉलिश पेपर घेतला, ठोकळ्याला गुंडाळला आणि हाताशेजारी उभा राहिला. बराच वेळ. हातमोजा काढून आपला तळवा त्यावर ठेवावा असं त्याला फार वाटलं. पण मग दोन हात घासावे लागले असते.

त्याने ठोकळा खाली ठेवला आणि फोन उचलला. नंबर पाठ होता. पाठ असून तीन वर्षं लावला नव्हता.

“कोण?” वहिनींचा आवाज.

“मी बोलतोय वहिनी.”

“अगंबाई! भाऊजी!” मग एकदम काळजीने, “सगळं ठीक ना?”

“ठीक. दादा काल इकडे आला होता का?”

“छे हो, काल तर बँकेत गेले होते.” मागून काही पुटपुटणं आलं. “विचारतायत, कुणी सांगितलं?”

“बॉनेटने.”

“बॉनेटने म्हणतायत हो,” वहिनींनी आत सांगितलं. “भाऊजी, म्हणतायत, तुम्ही झोपला होतात.”

काल जेवल्यावर तो सुट्या काढलेल्या मागच्या सीटवर आडवा झाला होता, हे खरं होतं.

“मग उठवायचं ना!”

“म्हणतायत, तोंड उघडं होतं. दया आली.”

“दादाला द्या ना जरा.”

फोनवर हात ठेवल्याचा आवाज. हात काढल्याचा आवाज. “नको म्हणतायत. पण ऐंशी नंबरच्या कागदाने घासायला सांगितलंय. खड्डे राहिले तर गंजाचं औषध लावा, पुसा, कोरडं करा, आणि मगच प्रायमर. एवढं तुम्हाला येतंच की, पण सांग म्हणाले.”

“वहिनी, त्याला सांगा,” धाकटा म्हणाला, “मास्तरांच्या छपरावरचा डाग मी आधीच पाहिला होता. प्रायमरच्या आधी. जेवायची वेळ झाली होती, म्हणून घासला नाही.”

“अहो, भाऊजी म्हणतायत, त्यांना भूक लागली होती.”

“तेवढंच नाही वहिनी! डागाचं सांगा, डागाचं!”

या वेळी वहिनींनी सगळं नीट सांगितलं. धाकट्याला कुठल्यातरी नळाची धार ऐकू येत होती.

“भाऊजी,” वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, “माहीत होतं म्हणतायत.”

“काय?”

“त्या दिवशी घासायचा कागद कोराच पडलेला होता म्हणे. त्यांनी बघितला होता.”

म्हणजे मास्तरांसमोर दादा गप्प उभा होता तो हे माहीत असून. धाकटा सीटवर बसला. काँप्रेसर बंद होता, तरी त्याने तिकडे पाहिलं. आता फोन ठेवायचा आणि पुन्हा तीन वर्षं जाऊ द्यायची, एवढंच बाकी होतं.

“वहिनी,” तो घाईने म्हणाला, “सांगा त्याला, डाव्या मागच्या दाराला पोचा आहे. मला निघत नाहीये.”

“किती खोल, विचारतायत.”

धाकट्याने दाराकडे बघितलं. इतकं सरळ दार त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

“दोन बोटं.”

“मधे की कडेला?”

“कडेला.”

मागून एक मोठा उसासा आला. कडेचा पोचा काढणं जिकिरीचं असतं. “उद्या नऊला येतो म्हणतायत. तोवर तुम्ही काही ठोकू नका म्हणतायत.”

“नाही नाही,” धाकटा म्हणाला. “मी कशाला ठोकतोय.”

फोन ठेवून त्याने बॉनेट घासायला घेतलं. अंगठ्यापासून सुरुवात केली. तळव्याखाली बारीक काळे ठिपके राहिले होते, त्यांना औषध लावलं, पुसलं, पत्रा कोरडा केला, थिनरची चिंधी एकदा फिरवली आणि लगेच प्रायमर मारला. बॉनेट करडं झालं. त्यावर आता कुणाचंच काही नव्हतं. डॉक्टरांना फोन करून एक दिवस वाढवून मागितला. मुळापासून काढतोय म्हटल्यावर ते खूष झाले.

मग तो दाराकडे वळला.

हातोडी गॅरेजमध्ये एकही नव्हती. त्याने चाकाचा मोठा पाना उचलला, डोळे मिटले आणि हाणला. दार ठण्णकन ओरडलं, आत गेलं आणि उडी मारून जसंच्या तसं बाहेर आलं. चांगल्या गाडीची हीच पंचाईत असते. दुसरा घाव जोरात बसला. धाकट्याने हातमोजा काढला आणि खळग्यात बोट धरून पाहिलं. एकच बोट.

दादाला हे एका नजरेत ओळखू येणार होतं. पोचा आजचा आहे, पान्याचा आहे, आणि ठोकणारा रंगारी आहे.

येऊ दे.

त्याने पाना पुन्हा उचलला.