वरच्या टप्प्याचं इंजिन

ताईंनी डस्टर उचललं आणि फळ्यावरचं रॉकेट वरून खाली पुसत आणलं. आधी टोक गेलं, मग उपग्रह ठेवायची जागा, मग इंधनाच्या टाक्या. मधलं एक इंजिन तेवढं त्यांनी ठेवलं.

"एवढंच," त्या म्हणाल्या. "यापुढे आपण एवढंच बनवायचं."

बैठकीच्या खोलीत सगळे विभागप्रमुख होते. टाक्यांच्या विभागाचे प्रमुख समोरच्या चहात काही पडलंय की काय अशा नजरेनं कपाकडे बघत राहिले.

ताईंचा धाकटा भाऊ खिडकीशी उभा होता. कंपनी दोघांनी मिळून काढलेली. ती चालवायच्या ताई, आणि रॉकेट बांधायचा तो. अख्खी कंपनी त्यांना ताई म्हणायची आणि त्याला दादा, त्यामुळे नव्यानं लागलेल्या माणसाचा पहिला आठवडा दोघांत थोरलं कोण हे उलगडण्यातच जायचा. ताई मात्र त्याला छोट्याच म्हणत.

"दुसऱ्या उड्डाणात इंजिनानं काहीच कुरकुर केली नव्हती," भाऊ म्हणाला. "टप्पे सुटे झाले नाहीत, तेवढंच चुकलं. मला तिसरं उड्डाण दे."

"दिलं. ते यशस्वीही झालं, असं धरू. पुढे ते रॉकेट विकायचं कुणाला?"

"गिऱ्हाईक येईल."

"कशासाठी येईल? मोठी कंपनी एका फेरीत पन्नास उपग्रह नेते. आपण नेणार एक. रिक्षावाल्यानं रेल्वेशी भाड्यात पैज लावावी, तसं चाललंय आपलं. पण त्यांच्या वरच्या टप्प्याचं इंजिन अवकाशात एकदा विझलं की पुन्हा पेटायला नखरे करतं. आपलं म्हणाल तेव्हा पेटतं. त्यांना ते हवंय."

"म्हणजे आपण त्यांचे पुरवठादार."

"हो."

"इतकी वर्षं हाडाची काडं केली, ती दुसऱ्याच्या रॉकेटला इंजिन पुरवायला?"

"पुरवायला," ताई म्हणाल्या आणि डस्टर जागेवर ठेवलं. भाऊ निघून गेला. जाताना त्यानं दार हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर ताईंना बरं वाटलं असतं.

बैठक संपल्यावर टाक्यांचे प्रमुख मागे राहिले.

"आमच्या साठ जणांचं काय, ताई? इंजिनवाल्यांना टाक्या बनवणारे काय कामाचे?"

"मला थोडा वेळ द्या."

"देतो. पण उगाच झुलवत ठेवू नका."

"नाही ठेवणार," ताई म्हणाल्या.

मोठ्या कंपनीचे अध्यक्ष एकेकाळी प्रवासी विमानं उडवायचे, म्हणून सगळे त्यांना कप्तान म्हणत. त्यांच्या खोलीची एक भिंत काचेची होती. खालच्या दालनात आडवं ठेवलेलं रॉकेट तिथून शेपटापासून टोकापर्यंत दिसे. ताईंनी मुद्दाम त्या भिंतीकडे पाठ करून खुर्ची घेतली.

इंजिनाचं बोलणं लवकर मिटलं. हे इंजिन दुसऱ्या कुणालाही विकायचं नाही, असा कप्तानांचा आग्रह होता. ताई तीन वर्षांपुरत्या कबूल झाल्या, त्यापुढे एक दिवसही नाही म्हणाल्या. कप्तानांनी मान डोलावली. त्यांना वाटलं, झालं. ते हात मिळवायला उठलेही.

"अजून एक आहे," ताई म्हणाल्या. "इंजिनाबरोबर आमचा टाक्यांचा विभाग घ्यायचा. सगळाच्या सगळा."

कप्तान पुन्हा बसले. "त्यातले चांगले वीस निवडून घेतो."

"निवडायचं नाही. ती साठ माणसं एकमेकांच्या हाताला सरावलेली आहेत, म्हणून आमची टाकी कधी गळली नाही. वीस उचललीत तर तुम्हाला वीस माणसं मिळतील, विभाग नाही मिळणार."

"आणि मी नाही म्हणालो तर?"

"तर इंजिनाचं बोलणंही इथेच थांबलं."

कप्तानांनी काचेतून खालच्या रॉकेटकडे पाहिलं. ही बाई पोकळ धमकी देणाऱ्यांतली नाही, एवढं त्यांनी ओळखलं असावं.

"घेतो," ते म्हणाले. "सगळे घेतो. पण ज्याच्या हाताखाली ते तयार झाले, तोही हवा. तुमचा भाऊ."

ताईंनी उचललेला कप तसाच बशीत ठेवला.

"ते सोडून बोला."

"का? रागावू नका, पण तुमच्याकडे आता त्याला काम काय उरलंय? रॉकेट बांधणारा माणूस आहे तो. रॉकेट आता इथे आहे."

"ते सोडून बोला," ताई पुन्हा म्हणाल्या. या खेपेला आवाज थोडा चढला होता.

परत आल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगितलं, इंजिनाचं जुळत आलंय, माणसांचं अजून अडलंय. कशापाशी अडलंय ते सांगितलं नाही.

रविवारी दोघं आईकडे जेवायला आले. आईनं वाटाण्याच्या शेंगांचा ढीग दोघांच्या मध्ये ओतला आणि ती गॅसकडे वळली.

"कप्तानांचा फोन होता," भाऊ म्हणाला.

ताईंच्या हातातली शेंग अर्धी उघडलेली राहिली.

"मला न विचारता नाही म्हणून आलीस?"

"विचारलं असतं तर रागाच्या भरात हो म्हणाला असतास."

"आणि तू कशाच्या भरात नाही म्हणालीस?"

आई मागे वळून न बघताच म्हणाली, "भांडा खुशाल, पण हात चालू ठेवा. वाटाणे आपणहून बाहेर येणार नाहीत."

दोघं खाली मान घालून सोलू लागले.

"त्या साठ जणांना मी कामावर घेतलंय, ताई," थोड्या वेळानं भाऊ म्हणाला. "आणि मला रॉकेट बांधायचंय. इथे आता ते होणार नाही. तू फळा पुसलास ते बरोबरच केलंस."

"बरोबर? मग त्या दिवशी का नाही बोललास?"

"बरोबर होतं म्हणूनच तर राग आला."

ताईंनी वाटाणे भांड्यात टाकले. ते टणटण वाजले. "तिकडे गेलास की मी तुझी कोण?"

"पुरवठादार."

"आणि तू गिऱ्हाईक."

"फार खडूस गिऱ्हाईक," भाऊ म्हणाला.

साठही जण एकाच दिवशी मोठ्या कंपनीत रुजू झाले. भाऊ त्यांच्या पुढे होता. त्या संध्याकाळी ताई रिकाम्या दालनात एकदा फिरून आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिथे इंजिनाच्या जोडणीची टेबलं लावून घेतली.

कप्तानांसाठीचं पहिलं इंजिन हिवाळ्यात तयार झालं. मोठ्या कंपनीच्या चाचणीकेंद्रात ते चार वेळा पेटवलं आणि विझवलं. मग सगळे टेबलाभोवती बसले. एका बाजूला ताई आणि त्यांची तरुण मुख्य अभियंती, समोर कप्तान आणि भाऊ. भावाच्या अंगात निळा सदरा होता, खिशावर त्या कंपनीचं चिन्ह.

"चौथ्या खेपेला हादरे वाढलेत," भाऊ म्हणाला.

"मर्यादेच्या आत आहेत," अभियंती म्हणाली. "करारात बसतं."

"बसतं. पण का वाढले?"

"ते अजून कळलेलं नाही."

"मग मी हे घेणार नाही."

कप्तान अस्वस्थ झाले. उड्डाणाची तारीख जाहीर झालेली होती. "करारात बसत असेल तर घ्यावंच लागेल आपल्याला," ते म्हणाले आणि त्यांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी फक्त हो म्हणायचं बाकी होतं.

भावानं मात्र ताईंकडे पाहिलं नाही. "मॅडम," तो समोरच्या आलेखावर बोट ठेवून म्हणाला, "कारण सापडेपर्यंत इंजिन परत न्या."

मॅडम हा शब्द ऐकताच अभियंतीनं टेबलाखाली ताईंच्या हाताला हात लावला.

"नेतो परत," ताई म्हणाल्या. "महिना लागेल."

"तीन आठवडे."

"बरं साहेब. तीन आठवडे."

बाहेर पडताना अभियंतीचा चेहरा रडवेला झाला होता. क्रेननं इंजिन ट्रकवर चढवलं जात होतं.

"दादा आपल्याशी असे वागतील असं कधी वाटलं नव्हतं, ताई. आता तिकडे आपलं म्हणावं असं कुणी राहिलंच नाही."

"उद्या सकाळी खोलायला घेऊ," ताई म्हणाल्या. "मी पण येते." इंजिनाचे पट्टे आवळून होईपर्यंत त्या ट्रकजवळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी आईला फोन लावला.

"रविवारी येतेय. छोट्यालाही बोलव."

"तूच बोलव की. की भांडलात पुन्हा?"

"भांडलो," ताई म्हणाल्या. त्यांना हसू आवरेना. "अगं, आपल्याच इंजिनासाठी काय सुरेख भांडला तो."