ताईंनी धरलेलं स्टूल

मी एक लाकडी स्टूल बोलतोय. पण आधीच सांगून ठेवतो, माझ्या आठवणींवर फार विसंबू नका. माझ्यावर जे उभे राहिले त्यांचे चेहरे मला कधी नीट दिसलेच नाहीत. मला कळायचे ते पाय. त्यांची आठवण पक्की आहे. शब्दांच्या बाबतीत मात्र माझी गल्लत होते; कोण आधी बोललं, कोण नंतर, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मला बनवलं ते एका शाळेच्या प्रयोगशाळेसाठी. शाळेला हवी होती त्याहून जास्त स्टुलं तयार झाली आणि उरलेल्यांपैकी मी एका छापखान्यात येऊन पडलो. माझ्या बैठकीवर शाईचे डाग आहेत ते तिथले. छापखान्याचा मालक बोलघेवडा होता. काम कमी, गप्पा फार. त्याची एक जुनी मैत्रीण दुपारपर्यंत शाळेत भूगोल शिकवायची आणि शाळा सुटली की गावाची दुखणी अंगावर घ्यायची. तिला सगळे ताई म्हणत. मीही ताईच म्हणतो.

त्या दिवशी ताई पत्रकं छापून घ्यायला आल्या होत्या. कारखान्यांच्या वस्तीतला नगरपालिकेचा दवाखाना संध्याकाळी बंद करायचा हुकूम निघाला होता. दिवसभर कारखान्यात असणाऱ्या बायकांनी मुलांना दाखवायचं कधी, एवढाच साधा प्रश्न होता. जाताना त्यांनी मला उचललं.

"उद्या परत आणून देते."

"तू आणि परत?" छापखानेवाला म्हणाला. "माझी छत्री नेलीस तेव्हा माझे केस काळे होते."

छत्रीचं पुढं काय झालं ठाऊक नाही. मी मात्र परत गेलो नाही.

नगरपालिकेच्या फाटकासमोर मला मांडलं. ताईंचा एक नियम होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत मोडला नाही: ज्याचं दुखणं, त्यानंच बोलायचं. स्वतः ताई माझ्यावर चढत नसत. त्या दिवशी कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावणारी एक बाई बोलणार होती. पुढं सगळे तिला बटणवालीच म्हणायला लागले. ती माझ्यावर चढली आणि लगेच उतरली.

"मला नाही जमणार हो ताई. पाय लटपटतायत."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुझे पाय नाहीत गं, हे स्टूलच डगमगतंय. एक पाय आखूड आहे मेल्याचा. थांब, मी धरते. तू बोल."

आणि त्या चक्क रस्त्यावर गुडघे टेकून बसल्या. दोन्ही हातांनी मला धरलं. बटणवाली पुन्हा चढली. तापानं फणफणलेल्या लेकीला घेऊन ती बंद दाराबाहेर बसली होती, ते तिनं सांगितलं. आवाज फाटला, पण तिनं पुरं सांगितलं.

माझी मात्र त्या दिवशी झोप उडाली, स्टुलाला झोप असते असं धरून चालू. मी लंगडा आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं. कोणता पाय आखूड, याचा मी विचार करकरून थकलो. कधी पुढचा डावा वाटे, कधी मागचा उजवा. फरशी सपाट असली तरी मी अंग चोरून उभा राही. छापखानेवाला एकदा म्हणाला, "अगं, सुताराकडे टाक ना त्याला." ताई म्हणाल्या, "राहू दे रे. सवय झालीय." त्यांच्या चांगुलपणाचं मला ओझं वाटलं.

पुढची वर्षं मला एकाच लांबलचक दुपारसारखी आठवतात. दवाखाना संध्याकाळी उघडला. मग डॉक्टरांची बदली झाली आणि तो बंद पडला. पुन्हा फाटक, पुन्हा मी. पुन्हा उघडला, तर औषधं नाहीत. साहेब बदलायचे, गाडीच्या काचा वर करायची पद्धत तीच राहायची. माझ्यावर सुईणी उभ्या राहिल्या, हमाल राहिले, रिटायर झालेले मास्तर राहिले. सगळ्यांना ताईंनी तेच सांगितलं, हे स्टूल डगमगतं, मी धरते. दर वेळी माझी मान खाली. बसमध्ये कंडक्टर चिडवायचे, "ताई, नातवाचं तिकीट काढा." त्या हसायच्या, पण पुढं पुढं ते हसूही दमलेलं असे. गुडघे टेकले की उठताना त्या माझाच आधार घेऊ लागल्या.

शेवटी त्यांनीच थांबायचं ठरवलं. त्यांच्या निरोपाला दवाखान्याच्या बाकांवर माणसं दाटीवाटीनं बसली होती. छापखानेवाल्यानं छानसं भाषण केलं, त्यात छत्रीही आली. ताईंचं लक्ष नव्हतं. संध्याकाळचा दवाखाना बंद करण्याची नोटीस पुन्हा आली होती आणि सोमवारी फाटकावर जायचं होतं. सकाळीच त्या छापखानेवाल्याला म्हणाल्या होत्या, "माझं कौतुक कसलं करतोस? मी नसले की तिथं कोणी उभं राहणार नाही. सगळं आयुष्य घालवून मी फक्त एक स्टूल धरायला शिकले."

"ताई, आज तुम्ही बोला," कोणीतरी म्हणालं. "ज्याचं दुखणं, त्यानं बोलायचं."

आपल्याच नियमात सापडल्या बिचाऱ्या. पहिल्यांदा माझ्यावर चढल्या. वजन असं नव्हतंच. पण पोटऱ्या थरथरत होत्या आणि ती थरथर माझ्या चारही पायांत उतरत होती. मला वाटलं, आता माझ्या लंगडेपणामुळं ही बाई पडणार.

तेवढ्यात बटणवाली पुढं आली. तिचेही केस पिकलेले. ती खाली बसली, मला घट्ट धरलं.

"ताई, हे स्टूल मेलं डगमगतंय. मी धरते. बोला तुम्ही."

ताई खाली बघून हसल्या. का, ते मला तेव्हा कळलं नाही. मग म्हणाल्या, "सोमवारी मी येणार नाही. माझ्यानं आता होत नाही." आणि थांबल्या. एवढंच होतं त्यांचं भाषण.

"आम्ही जाऊ," बटणवाली खालूनच म्हणाली. "स्टूल तेवढं ठेवून जा."

त्या सोमवारी मी फाटकावर होतो. ताई नव्हत्या. दवाखाना अजून संध्याकाळी उघडतो. उद्याचं मी काही सांगत नाही.

त्यानंतर किती वर्षं गेली कोण जाणे, बटणवालीनं मला सुताराकडे नेलं. "याचा आखूड पाय नीट करून द्या. मला आता वाकून धरवत नाही."

सुतारानं मला सपाट फरशीवर ठेवलं. एकेक कोपरा दाबून पाहिला. मी जीव मुठीत धरून उभा.

"कोणता पाय म्हणालात?"

"ते मला काय माहीत? डगमगतं ते."

"नाही डगमगत, बाई. चारही पाय सारखे आहेत. झिजलेतसुद्धा सारखे. हे कधीच डगमगलेलं नाही."

बटणवाली माझ्यावर बसली आणि पदरानं डोळे पुसले.

पुढच्या सोमवारी फाटकावर दवाखान्यातली एक नवी आया बोलायला उभी राहिली आणि चढता चढता थबकली. बटणवालीनं हळूहळू गुडघे टेकले.

"हे स्टूल डगमगतं गं," ती म्हणाली. "मी धरते. तू बोल."

माझे चारही पाय सारखे आहेत, हे आता पक्कं झालं आहे. फाटकावर तेवढं कोणाला सांगू नका.