तिसरा ठोकळा

"बघ, मी मनोरा केला. आता तू कर," असं म्हणून ठोकळेबाईंनी दोन्ही हात मांड्यांखाली सरकवले आणि त्या आपल्याच हातांवर बसल्या.

इस्पितळातल्या मुलांच्या विभागात त्यांना सगळे ठोकळेबाईच म्हणत. बुटकं टेबल, लाल लाकडी ठोकळे, कोपऱ्यात कॅमेरा, एवढाच त्यांचा संसार. वाक्यातला शब्दही इकडचा तिकडे करायचा नाही, शाबासकी द्यायची नाही आणि मदत तर मुळीच करायची नाही. तीन शहरांतली तीन इस्पितळं मिळून हा अभ्यास करत होती. तिन्हीकडे प्रत्येक मुलाला अगदी एकसारखं विचारलं, तरच काही निष्कर्ष निघणार होता. आजार असा की पोर आधी चारचौघांसारखं वाढतं आणि मग शिकलेलं एकेक विसरत जातं. औषध नाही, कशामुळे होतं तेही धड कळलेलं नाही. ते शोधायलाच हा सगळा खटाटोप. पोर ठोकळ्याशी झटापट करायला लागलं की बाईंचे हात शिवशिवायचे. दोन मुलं वाढवलेल्या हातांचा काय भरवसा? म्हणून त्या हातांवर बसायच्या.

आज समोर शिंप्याची मुलगी होती. बाप तिला मालकीण म्हणायचा. "आज मालकीणबाईंची मर्जी दिसत नाही, ताई," असं तो दर भेटीला दारातच सांगून ठेवायचा. म्हणजे पुढे काही बिनसलं तर खापर मर्जीवर फोडता यावं. मुलीची आई एकदाच आली होती. लेकीला ठोकळा धरता येत नाही हे तिने पाहिलं आणि ती परत कधी आली नाही.

पहिल्या वर्षी मालकिणीने पाच ठोकळे रचले होते. मग चार. गेल्या खेपेला दोन. या अभ्यासाचा तुमच्या मुलीला काही फायदा होणार नाही, हे अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बापाला सुरुवातीलाच स्वच्छ सांगितलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, "हिला नाही तर नाही. पुढच्या पोरांना तर होईल? मग ही कशासाठी तरी आली होती, असं म्हणता येईल मला."

आजची भेट शेवटची होती. बाप नियमाप्रमाणे मुलीच्या पाठीमागे, भिंतीशी बसला होता. मालकिणीने एक ठोकळा ठेवला. बऱ्याच वेळाने दुसरा. तिसरा तिच्या मुठीतून सुटता सुटेना. अखेर सुटला, पण निम्मा बाहेरच राहिला आणि कलंडायला लागला. बाईंचा हात मांडीखालून कधी निघाला, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. एकच बोट, नुसतं टेकवलं. ठोकळा जागेवर बसला.

"तीन!" बाप ताडकन उठला. "ताई, तीन झाले! मागच्या वेळी दोन होते!"

बाईंनी खरं सांगायला तोंड उघडलं, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मिटून घेतलं. त्यांनी तीन लिहिले.

कॅमेऱ्यातलं चित्रण तपासणीसाठी दुसऱ्या शहरातल्या इस्पितळात जायचं. महिन्याभराने डॉक्टरीणबाईंनी बाईंना बोलावून घेतलं. पडद्यावर चित्र थांबवून ठेवलेलं होतं.

"हे बोट तुमचंच ना?"

"हो, मॅडम."

"अहो बाई, तुम्ही? नवीन मुलींना शिकवायला मी तुमच्याकडे पाठवते!"

"पडत होता ठोकळा."

"पडू द्यायचा होता. तो कसा पडतो, कधी पडतो, तेच तर आपण शोधतोय."

"मग आता दोन लिहू या ना."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "नाही लिहिता येत. तिच्या सगळ्या भेटी तुम्हीच घेतल्यात. आधीच्या वेळी बोट लागलं नव्हतं कशावरून, असं तपासणारे विचारतात. काय सांगू मी त्यांना? तिचं सगळंच वगळायचं ठरलंय."

बाईंना या कामावरून काढून केसपेपरच्या खिडकीवर बसवणार होते. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. आपण त्या बापाचं काय घालवून बसलो, हे मात्र त्यांना पुरतं कळलं.

"त्याला मी कळवते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नको. मीच सांगते."

बाईंनी बोलावल्यावर शिंपी आला तो हसतच. मालकिणीला नवा फ्रॉक शिवला होता, हात अडकू नये म्हणून ढगळ बाह्यांचा. तिची मान आता एका बाजूला कलायला लागली होती. "गल्लीत सगळ्यांना सांगितलं तीनचं," तो म्हणाला. "हिची आई म्हणते, परत कधी बोलावलं तर मीही येते."

बाईंनी खुर्ची पुढे केली. "भाऊ, तिसरा तिने नाही ठेवला. पडत होता, मी बोट लावलं."

"काय ताई, चेष्टा करता."

बाई हसल्या नाहीत. त्याचं हसू हळूहळू उतरलं.

"म्हणजे दोनच?"

"दोनच."

"मागच्याइतकेच की मग. कमी नाही झाले." त्याने मुलीला मांडीवर सावरून घेतलं. "बरं, मग दोन लिहा. खोटं नको."

"आता काहीच लिहिता येत नाही, भाऊ. माझ्या चुकीने तिचं नावच काढलं अभ्यासातून."

"आणि आधीचे? पाच होते ते?"

"तेही गेले."

"चार?"

बाईंनी मान खाली घातली. शिंपी ओरडला असता, शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. तो बराच वेळ मुलीच्या बाहीची शिवण बोटाने सरळ करत बसला.

"म्हणजे ही आलीच नव्हती म्हणायची," तो म्हणाला.

बाईंना रडू फुटलं. तो उठून जाईल असं त्यांना वाटलं, पण तो टेबलाकडे बघत होता.

"कॅमेरा बंद आहे ना?"

"बंद आहे."

"मग एकदा घ्या. मला बघू दे. पण हात लावू नका, ताई."

त्याने मालकिणीला टेबलाशी बसवलं आणि मागे आधाराला स्वतः बसला. बाईंनी डोळे पुसले, ठोकळे मांडले, मनोरा केला, मोडला. "बघ, मी मनोरा केला. आता तू कर," त्या म्हणाल्या आणि त्यांनी हात मांड्यांखाली घेतले.

मालकिणीचा हात हलला. पहिला ठोकळा टेबलाच्या कडेपर्यंत सरकला आणि खाली पडला. तिघंही बसून राहिले.