माप अंगावरून घ्यावं

मित्रांनो, मी एक जुना गॅस्केट आहे. मला पाहिलंत तर भिजून वाळलेला पुठ्ठा समजून केरात टाकाल. त्याचं मला वाईट वाटणार नाही. गॅस्केट जागेवर असेपर्यंत कुणाला दिसत नाही, आणि दिसायला लागला की बहुधा त्याचं काम संपलेलं असतं.

मोटारीच्या इंजिनावर कार्बोरेटर बसवलेला असतो. पेट्रोल आणि हवा ठरलेल्या प्रमाणात मिसळून तो इंजिनाला देतो. दोन धातू एकमेकांवर कितीही घट्ट बसवले तरी मध्ये बारीक फट राहतेच. त्या फटीत मी राहायचो. बाहेरची हवा आत शिरू द्यायची नाही, एवढीच माझी नोकरी.

एका कारखान्यात, तेलाला दाद न देणाऱ्या जाड कागदातून मला कापलं. मधोमध एक मोठं गोल भोक, कडेला बोल्टांसाठी चार, आणि एका कोपऱ्याजवळ जेमतेम टाचणी जाईल एवढं आणखी एक. हे शेवटचं कुणाच्या खिजगणतीत नसतं. पण त्यातूनच इंजिन कार्बोरेटरला आपली खबर कळवतं. चढ आला, पेट्रोल सोड. रस्ता सपाट झाला, आता हात आखड.

मला गाडीत बसवलं ते नानांनी. नाना घड्याळदुरुस्ती करायचे आणि सुट्टीच्या दिवशी गाडीखाली आडवे व्हायचे. गाडी त्यांच्याकडे आली तेव्हाच जुनी होती. दारं रुंद, बसायची जागा खाली, रंग गर्द निळा. नानांनी तिला कधी शिव्या घातल्या नाहीत. सकाळी इंजिन रुसलं तर म्हणायचे, "सावकाश उठू दे तिला. आपल्याला तरी कुठं ताडकन उठता येतं?" मुलाचं लग्न झाल्यावर त्यांनी सुनेला ही गाडी चालवायला शिकवली. सूनबाई शिवणकाम करायची. क्लच सोडताना गाडी आचके द्यायची, तेव्हा नाना म्हणायचे, "शिलाई मशीनच्या पायडलवर पाय कसा अलगद ठेवतेस? तस्साच." आठवडाभरात आचके थांबले.

पुढं वय झालं, तसा मी आटत गेलो. माझं ते बारीक भोक काजळीनं बुजलं. गाडी काळा धूर सोडू लागली, पेट्रोल जास्त पिऊ लागली. नाना एक दिवस कार्बोरेटर उघडून बघणार होते. पण त्याआधीच ते दुकानात बसल्या जागी कोसळले. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. कळत सगळं होतं, पण तोंडातून "हं" शिवाय काही निघेना.

गाडी शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. डॉक्टरांनी नानांना गावाच्या दुसऱ्या टोकाला व्यायामाच्या उपचारांना न्यायला सांगितलं होतं. बसची पायरी त्यांना चढवेना. रिक्षात एकदा बसवलं, तर वाटेतल्या धक्क्यांनी ते इतके कळवळले की पुन्हा तिच्याजवळ जायलाच तयार होईनात. उपचार चुकू लागले. त्यातच घरमालकानं सांगितलं, शेड पाडायची आहे, गाडी हलवा. मुलानं भंगारवाल्याला रविवारी दुपारी यायला सांगितलं.

सूनबाई म्हणाली, "गाडी चालू झाली तर नानांना मीच नेईन. हिचं दार बघा, खुर्चीत बसावं तसं आत बसता येतं."

"चालू झाली तर ना," मुलगा म्हणाला. तो वाईट नव्हता, दमलेला होता.

तिनं मिस्त्री बोलावला. त्यानं कार्बोरेटर उचलला आणि माझे टर्रकन दोन तुकडे झाले. मिस्त्रीनं मला नखानं खरवडून काढलं. "बाकी सगळं धड आहे," तो म्हणाला. "पण हा गॅस्केट आता कुठं मिळायचा? दुसऱ्या गाडीचा बसवून उपयोग नाही. मिळाला तर बोलवा."

सूनबाईनं माझे तुकडे जुळवून टाचण्यांच्या डबीत ठेवले आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन बाहेर पडली.

सुट्या भागांच्या दुकानांची ती गल्ली मी तिच्या तळहातावरून पाहिली. एकानं मला पाहून मान हलवली. एकानं पाहिलंच नाही. तिसरा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "ताई, ही गाडी माझ्या वडिलांच्या वयाची. हिचे पार्ट मागू नका, हिची तब्येत विचारा."

"तब्येत विचारूनच आलेय," सूनबाई म्हणाली. "तुमच्या माळ्यावर जुना माल असेल ना? मी चढते, तुम्ही शिडी धरा."

त्यानं खरंच शिडी धरली. धुळीनं माखलेल्या खोक्यातून तिनं माझ्यासारखा दिसणारा एक गॅस्केट शोधला. निघताना दुकानदारानं गॅस्केटच्या कागदाचा एक तावही दिला. "नाहीच बसला तर याचा कापून बघा," तो म्हणाला.

माळ्यावरचा तो गॅस्केट तिनं मिस्त्रीचं बघून स्वतःच बसवला, पण तो नीट बसला नाही. मधलं भोक मोठं होतं, फटीतून हवा शिरली. इंजिन शिट्टी घालत वर चढलं आणि गपकन बंद पडलं. मग तिनं मला कागदावर ठेवलं, पेन्सिल फिरवली आणि कात्रीनं हुबेहूब माझ्यासारखा दुसरा कापला. नाना खुर्चीत बसून बघत होते. तिनं नवा पुढं धरताच त्यांनी डाव्या हातानं तो बाजूला सारला आणि माझ्या कोपऱ्यावर बोट आपटलं.

"कोपरा नीट नाही? थांबा, गोल करते."

नानांनी पुन्हा बोट आपटलं. "हं. हं."

तिनं कोपरा आणखी गोल केला. नानांनी डोळे मिटून घेतले. मित्रांनो, मला तेव्हा तोंड असतं तर बरं झालं असतं, असं फार वाटलं. ते कोपरा दाखवत नव्हते. कोपऱ्याजवळचं बुजलेलं भोक दाखवत होते.

तो गॅस्केट बसवल्यावर इंजिन सुरू झालं, पण शेडभर काळा धूर झाला आणि ते खोकत खोकत थांबलं.

"आता पुरे कर," मुलगा म्हणाला. "उद्या दुपारी तो माणूस येतोय."

"दुपारी ना? मग अजून सकाळ आहे माझ्याकडे."

रविवारी सकाळी ती कार्बोरेटर पुढ्यात घेऊन नानांच्या पायाशी बसली. तावाचा एवढासाच तुकडा उरला होता. कात्री चुकली असती तर दुसरा कागद नव्हता, आणि दुकानं बंद होती. तिनं मला उचललं, पुन्हा खाली ठेवलं. मग स्वतःशीच हसली.

"मी पण कमाल करते. गिऱ्हाईक जुना शर्ट घेऊन येतं, तर मी म्हणते, हा आटलाय, माप अंगावरून घ्यावं लागेल. आणि इथं मात्र आटलेल्यावरून कापत बसलेय."

तिनं कार्बोरेटरच्या बुडाला बोटानं काळं ग्रीस फासलं आणि कागद त्यावर दाबला. उचलला तेव्हा सगळा ठसा उमटला होता. मोठं भोक, चार बोल्ट, आणि कोपऱ्याजवळ एक इवलासा पांढरा ठिपका.

"हे काय आहे?" तिनं मला शेजारी धरलं. "यात तर नाहीये."

नानांनी हात पुढं केला. डबीतली टाचणी त्यांनी डाव्या हातात धरायला पाहिली, ती दोनदा निसटली. सूनबाईनं उचलून दिली नाही, वाट बघितली. तिसऱ्यांदा टाचणी बोटात आली. नानांनी ती माझ्या कोपऱ्याजवळ टेकवली आणि दाबली. काजळीचा कण खाली पडला. पलीकडून उजेड दिसला.

सूनबाई म्हणाली, "तुम्ही हेच सांगत होतात. आणि मी कोपरे गोल करत बसले."

नानांचे खांदे हलले. ते हसत होते.

सूनबाईनं ठशावरून नवा गॅस्केट कापला आणि ठिपक्याच्या जागी टाचणीनं भोक पाडलं. मुलानं पाना उचलला. त्यानं बोल्ट एकाआड एक, थोडे थोडे आवळले. बापाला तसं करताना त्यानं लहानपणी पाहिलं असणार. सूनबाईनं किल्ली फिरवली. इंजिन एकदा खाकरलं आणि मग एका लयीत चालू लागलं. धूर नव्हता. भंगारवाला आला तेव्हा निळी गाडी रस्त्यावर उभी होती आणि नाना पुढच्या सीटवर बसले होते. तो बिचारा पाणी पिऊन परत गेला.

तेव्हापासून उपचार चुकले नाहीत. आता गाडी सूनबाईच्या शिवणाच्या दुकानामागच्या अंगणात असते, आणि मी गाडीच्याच पुढच्या कप्प्यात, टाचण्यांच्या डबीत. नानांच्या हाताला हळूहळू जोर आला, जिभेला यायला पुष्कळ वेळ लागला. एकदा परत येताना सूनबाई आपल्याच नादात पेट्रोलपंप ओलांडून पुढं गेली. शेजारून आवाज आला, "पेट्रोल."

शब्द चिरका होता, पण कळला. तिनं गाडी कडेला घेतली, डोळे पुसले आणि मागं वळवली. टाकी खरंच रिकामी होती.

मित्रांनो, माझं काम संपलं आहे, तरी एक मागणं आहे. एखादी वस्तू टाकून देण्याआधी ती पुसून, उजेडात धरून बघा. आणि तुमच्या घरात कुणाला बोलता येत नसेल, तर त्यांचं बोट कुठं टेकलंय ते नीट बघा. पहिल्यांदा कळलं नाही तर पुन्हा विचारा. त्यांनी डोळे मिटून घेईपर्यंत थांबू नका.