रांगेतले पाय

निखतने उत्तरांच्या ओळीवर लाकडी पट्टी आडवी ठेवली आणि प्रश्न पुन्हा मोठ्याने वाचला. वॉर्डात एकाच वेळी चार रुग्ण आहेत. एकाच्या पायाचं हाड मोडलंय, तो ओरडतो आहे. एका बाईची सलाइन संपत आली आहे, ती हाका मारते आहे. एका मुलाला ताप आहे आणि त्याची आई भांडायला उठली आहे. चौथे आजोबा सकाळपासून चिडचिड करत होते, ते आता शांत पडून आहेत. परिचारिकेने आधी कोणाकडे जावं?

"हाड मोडलेल्याकडे," निखत म्हणाली. मग समोरच्या चेहऱ्याकडे पाहून तिने पट्टी उचललीच नाही. "चुकलं नं, सिस्टरबाई?"

सुभद्राबाईंनी नुसती मान हलवली. चहाचा कप त्यांनी अर्धाच पिऊन बाजूला सारला होता.

पोरगी हुशार होती. बायोलॉजी विचारा, केमिस्ट्री विचारा, पाठ करून जे येतं ते सगळं तिला झोपेतून उठवलं तरी आलं असतं. तिचं घोडं अडायचं ते नर्सिंग प्रवेश परीक्षेतल्या या असल्या वीस प्रश्नांपाशी. इथे पाठांतर कामाचं नव्हतं. जो मोठ्याने ओरडेल त्याच्याकडे ती धावायची, आणि दर वेळी पट्टीखालून गप्प पडलेला दुसराच निघायचा. म्हणून महिनाभर ती रोज दुपारी शेजारच्या या निवृत्त सिस्टरबाईंकडे येत होती.

उद्या परीक्षा होती. राहायचं अमरावतीत आणि केंद्र मिळालेलं अकोल्याचं. निखतचे अब्बा, गाद्या भरणारे अब्दुल रहीम, आधी नाहीच म्हणाले होते. लग्नसराईच्या ऑर्डरी टाकून त्यांना निघता येत नव्हतं, थोरल्या मुलाला ऑटोची रोजची कमाई बुडवणं परवडत नव्हतं आणि एकटीला पाठवायला त्यांचं मन धजत नव्हतं. शेवटी म्हणाले, सिस्टरबाई सोबत असतील तर जा. गादीची सुई तळहातात घुसली तेव्हा ती याच बाईंनी काढली होती, तेव्हापासून त्यांचा शब्द त्या घरात चालायचा. सकाळी आठची गाडी ठरली होती. सुभद्राबाई नाहीत, तर अकोला नाही.

आणि सुभद्राबाईंना सकाळपासून बरं वाटत नव्हतं. नळाचं पाणी भरताना डावा खांदा भरून आला, मग ते दुखणं सरकत जबड्याशी जाऊन बसलं. कूलरसमोर बसूनही पाठीला घाम होता. त्यांनी चिमूटभर ओवा चावला आणि गॅस झाला म्हणून स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या कोणी येऊन हेच सांगितलं असतं, तर त्यांनी त्याला दोन पावलंही चालू दिलं नसतं. पण उद्याचा दिवस निभला पाहिजे होता. परवा दवाखान्यात जाऊ, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"तुमाले कसं कळे, आधी कोणाकडं जाचं ते?" निखतने विचारलं. "तिकडं धारणीले तर डॉक्टरबी रोज नसे म्हणता."

धारणीचं नाव निघालं की सुभद्राबाईंचा चेहरा उजळायचा. अकरा वर्षं काढली होती त्यांनी मेळघाटात. धारणीच्याही पलीकडे, जिथे जीप निम्म्या वाटेवर सोडून देते आणि उरलेली वाट आपल्या पायांची असते, तिथल्या आरोग्य केंद्रात. आज आठवलं तरी अंगावर काटा यावा असे दिवस, पण सुभद्राबाईंना ते हवेहवेसे वाटायचे. बाजाराच्या दिवशी सकाळी सातलाच व्हरांड्यात रांग लागायची. मोहाच्या फुलांचा वास, ओल्या धोतरांचा वास, स्पिरिटचा वास. त्या हातात वही न घेता बाहेर यायच्या आणि रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून प्रत्येकाच्या पायाला हाताची मागची बाजू लावत जायच्या.

"पायाले?"

"पायाले. तळहात आपला कामानं गरम राहते, तो खोटं सांगते. मागची बाजू खरं सांगते. ज्याचे पाय थंडे, तो आधी आत."

किती पाय पाहिले त्यांनी! भेगाळलेले, चिखलाने लिंपलेले, चांदीची कडी घातलेले, गोंदलेले. पहिल्या दिवशी तर रांगेत गोंधळच उडाला. सरकारी सिस्टर येऊन आपल्या पाया पडते, हे पाहून बाया पाय लुगड्याखाली ओढून घेऊ लागल्या. म्हाताऱ्यांनी मात्र संकोच केला नाही. त्यांनी सुभद्राबाईंच्या डोक्यावर हात ठेवून भरभरून आशीर्वाद दिले. एक आजोबा तर पुढच्या बाजाराला केवळ आशीर्वाद द्यायला म्हणून आले, बरोबर मोहफुलांचं गाठोडं घेऊन. वाडी-पाड्यांवर त्यांचं नावच पडलं, पाया पडणारी सिस्टर. महिन्यातून चारदा उगवणारे डॉक्टर म्हणायचे, सिस्टर, इलेक्शनला उभ्या राहता की काय?

निखत खळखळून हसली. सुभद्राबाईही हसल्या, आणि हसताना जबड्यात कळ आली तशी त्यांनी पदराने तोंड पुसल्यासारखं केलं.

"पण हे सुरू काहून केलं तुमी?" निखतने विचारलं. "कोणी शिकवलं?"

एकतीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी थट्टा केली, गावांनी आशीर्वाद दिले, पण विचारलं कोणीच नाही. सुभद्राबाईंनी पुस्तकावरच्या पट्टीकडे पाहिलं. सांगायचं त्यांच्या मनात नव्हतं. पण उद्या पोरगी परीक्षेला बसणार होती, आणि हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

नवीन असताना त्यांचा शिस्तीवर फार विश्वास होता. केस पेपरवर नंबर टाकायचा आणि नंबरानेच आत घ्यायचं. शिपायाला तशी ताकीदच होती. अशाच बाजाराच्या दिवशी एका माणसाला आणलं, कुऱ्हाड पायावर बसलेली, रक्ताने माखलेला, सगळा व्हरांडा डोक्यावर घेतलेला. तेवढ्यापुरता त्यांनी नंबर मोडला आणि त्याला आधी घेतलं. चौदा टाके पडले. लोक वाहवा करत होते. मग पुन्हा नंबर सुरू झाले.

"एकेचाळीस नंबरची बाई हाक मारल्यावर उठली. तिच्या मांडीवर पोरगी होती, तीनेक वर्षाची. सकाळपासून भिंतीले टेकून बसली होती ती माय. मी तिच्यापुढून चारदा गेली असीन." सुभद्राबाई थांबल्या. "पोरीचे पाय हातात घेतले तं बरफ. माणूस आतून खचते नं, तवा पाय आधी थंडे पडते. मी म्हणलं, बाई, तू बोलली काहून नाई? तर म्हणते, नंबर नहीं आया था, बाई."

कूलरचं पाणी ठिबकत राहिलं.

"पोरगी गेली, तरी माय रडलीबी नाई," सुभद्राबाई म्हणाल्या. "पोरीले पदरात घेतलं आन् चालाले लागली. रडली असती तं मले बरं वाटलं असतं."

इतकं सांगून त्यांना दम लागला होता. त्यांनी खुर्चीच्या हातावर पंजा घट्ट रोवला आणि पुढचा प्रश्न वाच म्हणून खूण केली. निखतने पान उलटलं नाही. ती पाणी आणायला उठली, तांब्या घेऊन परत आली आणि स्वतःच्या जागेवर न बसता सुभद्राबाईंच्या खुर्चीपाशी खाली बसली.

पाण्याचा पेला देता देता तिने उजवा हात उलटा केला आणि सुभद्राबाईंच्या पावलाला लावला. मग दुसऱ्या पावलाला. मग परत पहिल्या.

"थंडे हायेत."

"फरशीवर ठेवलेत म्हणून."

निखतने हात फरशीवर ठेवला. मे महिन्यातली अमरावतीची दुपार होती, वर पत्रा होता.

"फरशी तापली हाये, सिस्टरबाई."

सुभद्राबाईंना राग आला, आणि रागाच्या खाली कुठेतरी असा काही आनंद झाला की डोळे भरून आले. ज्या प्रश्नापाशी महिनाभर पोरगी अडली होती, तो तिने पट्टी न उचलता सोडवला होता. आणि सोडवला होता तो नेमका आजच, नेमका त्यांच्यावर.

"उद्या अकोल्याले जाचं हाये आपल्याले," त्या म्हणाल्या. "पेपर झाल्यावर पाहू."

निखत तोवर फोनवर बोलत होती. शाकीब तिचा मोठा भाऊ, त्याची ऑटो चौकातल्या स्टँडवर असायची. तिने त्याला असेल तशी सवारी सोडून ये म्हणून सांगितलं, इर्विन हॉस्पिटलला जायचंय म्हणाली, आवाज न चढवता. फोन ठेवून ती कोपऱ्यातल्या चपला घेऊन आली.

"अकोल्याचं मग. अब्बा येतील, नाईतर नाई येतील." तिने चपला त्यांच्या पावलांपुढे ठेवल्या. "कवापासून होऊन राहिलं हे?"

"सकाळपासून."

"कुठं दुखते?"

सुभद्राबाईंनी खांदा दाखवला, मग जबडा. लहान मुलाने दाखवावं तसं.

"मी दोन घंट्यांपासून तुमच्यापुढं बसून हाये. मग बोलल्या काहून नाई?"

"माहा नंबर कुठं आला होता," सुभद्राबाई म्हणाल्या.

बोलल्या, आणि थबकल्या. निखतने वर पाहिलं. मग तिने मान खाली घातली आणि त्यांच्या पायांत चप्पल चढवू लागली, आधी डावी, मग उजवी. बाहेर ऑटोचा हॉर्न वाजला.